ख्रिस्ती शाळेतलं दुसरीचं प्रगतिपुस्तक कसं वाचायचं? (बडोदा)

कारेलीबागकर
नमस्कार मंडळी. मुलगी बडोद्यातल्या एका ख्रिस्ती शाळेत दुसरीत आहे. सिस्टर लोकांची शाळा, सीबीएसई बोर्ड. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. कुणी ओळखलीत तरी इथे लिहू नका, ही विनंती.

पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक आलंय. चांगलं जाडजूड, रंगीत. पण त्यात मार्क नावाची चीज नाही. अवेअरनेस, सेन्सिटिव्हिटी, क्रिएटिव्हिटी असे रकाने आणि त्यांच्यासमोर स्ट्रीम, माउंटन किंवा स्काय यांपैकी एकावर खूण. एका पानावर मुलीने स्वतःबद्दल हसरे-रडके चेहरे रंगवलेत, दुसऱ्या पानावर तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने हिच्याबद्दल काहीबाही भरलंय. आईने चष्मा लावून सगळं पाहिलं आणि विचारलं, "माउंटन म्हणजे वर्गात कितवी?" बाबांना वाटलं, स्कायवर खूण नाही म्हणजे पोरगी आपटलीच.

शेवटच्या पानावर मात्र 'व्हॅल्यू एज्युकेशन : बी'. गणिताला ग्रेड नाही आणि सद्गुणांना बी! खाली शेरा : 'शी इज अ चिअरफुल चाइल्ड.' ते आम्हाला घरात रोज ऐकू येतंच.

तर विचारायचं असं की यातून मुलीला काय येतं आणि काय येत नाही, हे कसं ओळखायचं? आणि व्हॅल्यू एज्युकेशनच्या तासाला नक्की काय शिकवतात? बायबल असेल तर आमची हरकत आहे असंही नाही, पण माहीत असावं. शनिवारी ओपन हाऊस, म्हणजे पालकांनी शिक्षकांना भेटायचा दिवस, आहे.

मांजलपूर एक्सप्रेस
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. हे सगळं फॅड आहे. आमच्या वेळी प्रगतिपुस्तकावर लाल रेघ असायची, बापाची सही लागायची आणि काय ते कळायचं. माझा मुलगा चौथीत आहे, त्याची ट्युशनवाली मॅडम दर रविवारी टेस्ट घेते, वीसपैकी किती ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते. शाळेचं कार्ड मी उघडतही नाही.

सूरसागर
एक्सप्रेसराव, चौथीतल्या मुलाची रविवारी टेस्ट? त्याला पतंग तरी उडवू देता का उत्तरायणला?

खडू_फळा
मी बडोद्यातल्याच एका मिशनरी शाळेत प्राथमिकला शिकवून निवृत्त झाले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कारेलीबागकर, हे कार्ड तुमच्या सिस्टरांच्या डोक्यातून निघालेलं नाही आणि त्याचा ख्रिस्ती असण्याशीही संबंध नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे बालवाडीपासून दुसरीपर्यंत. २०२२ मध्ये त्या टप्प्याचा अभ्यासक्रम आराखडा आला. त्याचं म्हणणं असं की या वयात लेखी परीक्षा नकोत, शिक्षिकेने मुलांचं निरीक्षण करावं आणि त्यांनी केलेलं काम जपून ठेवून त्यावरून ठरवावं. त्यातून हे समग्र प्रगतिपत्रक निघालं. केंद्राची 'परख' नावाची मूल्यमापन संस्था आहे, तिने नमुना तयार केला आणि सीबीएसईने तो आपल्या शाळांपर्यंत पोहोचवला. मुलाने स्वतःबद्दल सांगायचं, मित्राने सांगायचं, पालकांनी भरायचं, ही पानं त्याच नमुन्यातली. तेव्हा आजीबाईंना सांगा, माउंटन हा नंबर नाही. ओढ्यापासून आकाशापर्यंत ज्या त्या मुलाची स्वतःची चाल आहे ती, शेजारणीशी तुलना नाही.

कल्पना चांगली आहे, माझा तिच्यावर विश्वास आहे. पण ती चालवायला वर्गात मुलं किती? शिक्षण हक्क कायद्याचं माप पहिली ते पाचवीला एका शिक्षकामागे ३० मुलांचं आहे. आमच्याकडे साठीच्या घरात असायची. साठ मुलांचं निरीक्षण करून नोंदी ठेवणारी बाई मी अजून पाहिली नाही, मी स्वतःही नव्हते तशी. मग सत्र संपायच्या आठवड्यात रात्री जागून एक शेरा दहा मुलांना चिकटतो. 'चिअरफुल चाइल्ड' हा त्यातलाच.

म्हणून शेरा असा तपासा : हे वाक्य वर्गातल्या दुसऱ्या कुठल्याही मुलाला लागू पडतं का? पडत असेल तर त्यात माहिती काही नाही.

आता माहिती कशी असते, त्याचं उदाहरण देते. ५२ वजा २७. एका मुलीने उत्तर लिहिलं ३५. मार्कांच्या पद्धतीत फुली, विषय संपला. पण ३५ आलं कुठून? सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे तिने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केला. तिला वजाबाकी येते, दशक सुटा करता येत नाही. दुसऱ्या मुलाने २४ लिहिलं, त्याची पद्धत बरोबर आहे पण मोजताना एक घसरला. दोघांना सारखीच फुली आणि दोघांना शिकवायचं मात्र वेगवेगळं. बाईंनी 'दशक सुटा करताना अडखळते, काड्यांचे गठ्ठे देऊन करून घ्या' असं लिहिलं असतं तर तुम्हाला घरी काय करायचं ते कळलं असतं. शनिवारी हेच विचारा. मार्क मागू नका, वही मागा.

तमालपत्र
वा बाई. ३५ चं उदाहरण वाचून लगेच लेकाची वही काढली. तंतोतंत तेच. त्याला मी आळशी म्हणत होते.

कारेलीबागकर
खडू_फळा, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, "हे सगळं खरं, पण नंबर लपवलाय त्यांनी." असो. वाचनाचं काय? ती धडा धडाधडा वाचते, पण मला शंका आहे की पाठ आहे.

खडू_फळा
शंका रास्त आहे. पाठ्यपुस्तकावर वाचन कधी तपासू नये. तिने न पाहिलेलं पुस्तक घ्या, तिच्या इयत्तेच्या तोलाचं. एक मिनिट वाचू द्या आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. केंद्राच्या निपुण भारत योजनेत (२०२१) दुसरीच्या अखेरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे, तिसरीला किमान ६०. 'समजून' यावर जोर. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि तीन गोष्टी विचारा : काय झालं, का झालं, पुढे काय होईल. पहिलं सांगता आलं आणि दुसऱ्या-तिसऱ्याला गप्प, तर अक्षरं वाचतेय, मजकूर नाही.

घड्याळ तिला दिसेल असं ठेवू नका. मुलं घाईने वाचतात, मग सगळंच बिघडतं.

एकाच भाषेत करू नका. इंग्रजीत तीस शब्द आणि हिंदीत साठ असं निघालं, तर मुलीला वाचता येतं, इंग्रजी येत नाही. या दोन्हीला औषध वेगळं. इंग्रजी माध्यमाच्या शाळा ही गल्लत सर्रास करतात, आमचीही करायची.

दांडिया बाजार
भाषेचा विषय निघालाच आहे तर. २०२३ च्या कायद्याने गुजरातेत कुठल्याही बोर्डाच्या शाळेत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची झाली. मला ते योग्यच वाटतं, राहतो तिथली भाषा यायलाच हवी. पण आपल्या पोरांवर इंग्रजी, हिंदी, गुजराती आणि घरी मराठी, त्यात मूल्यमापन तिन्हीचं आणि मराठीचं शून्य. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये सबंध राज्यात नेलं. त्या बडोद्यात माझा नातू पोस्टरवरची मराठी हिंदी म्हणून वाचतो.

सूरसागर
काका, देवनागरी त्याला हिंदीने फुकट मिळाली आहे. ळ आणि शब्दांच्या ओळखी तेवढ्या राहिल्या. रोज रात्री एक पान, महिन्या-दोन महिन्यांत वाचेल. शाळेकडून मराठीची अपेक्षा बडोद्यात कशी करणार?

दांडिया बाजार
अपेक्षा नाही, खंत आहे. खंत करायला तरी परवानगी असू दे.

फत्तेगंजकर
सलाम मंडळी. मी मराठी ख्रिस्ती. मूळ नगरकडचे, दोन पिढ्या बडोद्यात. आमच्या चर्चमध्ये शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, घेतो, म्हणून व्हॅल्यू एज्युकेशनच्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो.

सिस्टर लोकांच्या शाळा म्हणजे बहुधा कॅथलिक. तिथे साधारण रीत अशी की त्याच तासाला कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाला जातात आणि बाकी मुलं मॉरल सायन्स किंवा व्हॅल्यू एज्युकेशनला बसतात. पुस्तकं वेगळी, शिक्षिकाही वेगळी. मॉरल सायन्समध्ये खरं बोलावं, वाटून खावं, पाणी वाया घालवू नये अशी प्रकरणं असतात. अधूनमधून बायबलातली दयाळू शोमरोनी किंवा उधळ्या पुत्राची गोष्ट येते, तशी पंचतंत्रातलीही येते. असेंब्लीत प्रभूची प्रार्थना होते, नाताळात गोठ्याचा देखावा. यापलीकडे काही असेल असं मला वाटत नाही, पण तुम्ही वेळापत्रक आणि पुस्तक मागून बघा, त्यात संकोच कशाला?

ग्रेडबद्दल मात्र तुमच्याशी सहमत आहे. तो बी बहुतेक वेळा वहीला असतो, मुलीला नाही. चित्र चिकटवलं का, प्रश्नोत्तरं पूर्ण का. पण छापलेलं असतं 'व्हॅल्यू', मग आजीला वाटणारच की नात कुठेतरी कमी पडली. शब्बाथ शाळेत आम्ही वचन पाठ म्हटलं तर चांदणी चिकटवतो. पाठांतराची चांदणी. भक्तीची चांदणी कुणी देऊ नये, देताही येत नाही.

मांजलपूर एक्सप्रेस
म्हणजे प्रार्थना सगळ्यांना म्हणायला लावतात हे तुम्ही मान्य करताय. हिंदू मुलांनी का म्हणायची? उद्या गीतेचा तास ठेवला तर हेच लोक ओरडतील.

सूरसागर
ठेवलाय की. गुजरात सरकारने २०२२ मध्येच सहावी ते बारावी गीता अभ्यासक्रमात आणायचं जाहीर केलं. फार कुणी ओरडलेलं ऐकलं नाही.

कलमबहाद्दर
या भांडणाचं उत्तर घटनेतच आहे. अनुच्छेद २८(३) : सरकारची मान्यता असलेल्या किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहायची सक्ती करता येत नाही. स्वतःची संमती हवी, अल्पवयीन मूल असेल तर पालकाची. त्याच अनुच्छेदाच्या पहिल्या कलमाने पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही. आणि अनुच्छेद ३०(१) ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय. तिन्ही एकत्र वाचायचे. शाळा ख्रिस्ती वातावरणाची असू शकते, तुमच्या मुलीला त्यात बसवायला तुमचा होकार लागतो. प्रवेशअर्जावर सही करताना बहुतेक पालक तो होकार न वाचताच देऊन टाकतात, ही गोष्ट वेगळी.

आणखी एक. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमती खटल्यात शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असं सांगितलं, अनुदानित असो वा विनाअनुदानित. त्यामुळे गरीब-वंचित मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवायचा नियम त्यांना नाही, आणि वर बाईंनी दिलेलं ३० मुलांचं मापही त्या कायद्याने त्यांच्यावर लादता येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवावं असं म्हटलंय. बोर्डाच्या संलग्नतेच्या अटी मात्र सगळ्यांना आहेतच, सीबीएसईच्या तुकडीत ४० ची मर्यादा त्यातलीच.

संपादक
गीता विरुद्ध बायबल यासाठी वेगळे धागे आहेत, भरपूर आहेत. इथे अभ्यासक्रम आणि मूल्यमापन एवढंच. पुढचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

अटलांटिकपार
माहेर बडोद्याचं, आता अमेरिकेत. इथे आमची मुलं घराजवळच्या ख्रिस्ती एलिमेंटरी शाळेत जातात, प्रॉटेस्टंट. तुमच्या बी ग्रेडवरून हसू आलं, कारण इथे बायबल हा सरळसरळ विषय आहे. रोज तास, दर आठवड्याला एक वचन पाठ, शुक्रवारी क्विझ, त्याचे टक्के गणिताच्या बरोबरीने कार्डावर. शिवाय आठवड्यातून एकदा चॅपल, म्हणजे सगळ्यांची एकत्र उपासना. खाजगी शाळा आहे, सरकारी पैसा नाही, त्यामुळे कुणाला अडचण नाही. ज्याला नको तो पब्लिक स्कूलला जातो, तिथे धर्म शिकवायला बंदी.

पुस्तकंही त्यांची त्यांची असतात. आमच्याकडे अबेका नावाच्या ख्रिस्ती प्रकाशनाची चालतात, फ्लोरिडातल्या पेन्साकोलाची. फोनिक्सवर, म्हणजे अक्षरांच्या उच्चारांवरून वाचायला शिकण्यावर, प्रचंड भर, कर्सिव्ह फार लवकर, पाठांतर खूप. माझ्या आईला ती पुस्तकं पाहून आपली शाळा आठवली. माझी तक्रार विज्ञानाबद्दल आहे. सृष्टीची निर्मिती बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाप्रमाणेच झाली, असं त्यात थेट शिकवतात. ते आम्ही घरी वेगळं बोलतो.

मूल्यमापनाचं सांगायचं तर धाकटीच्या कार्डावर ई, एस, एन असं असतं : उत्तम, समाधानकारक, सुधारणा हवी. मोठ्याला ए, बी, सी. पण राज्याच्या परीक्षा खाजगी शाळांना बहुतेक ठिकाणी लागू नाहीत, म्हणून शाळा वर्षाअखेरीला बाहेरची प्रमाणित चाचणी घेते, आयोवा किंवा स्टॅनफर्ड. काही शाळा मॅप नावाची संगणकावरची घेतात, वर्षातून दोन-तीनदा. त्यात उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा. तिचे आकडे वर्षानुवर्षं एकाच मोजपट्टीवर असतात, त्यामुळे मुलगा गेल्या शिशिरात कुठे होता आणि आता कुठे, हे दिसतं.

यातून आमच्या घरी एकदा मोठा गोंधळ झाला. मुलाला वाचनात ६८ पर्सेंटाइल आले. आईला फोनवर सांगितलं, तर तिकडे रडारड, "फक्त अडुसष्ट?" पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. त्याच इयत्तेच्या देशभरातल्या नमुन्यातल्या शंभरातल्या ६८ मुलांहून याचा गुणांक वर आहे. ५० म्हणजे बरोबर मधोमध, आणि मधोमध असणं काही वाईट नाही. ९९ च्या वर ते जातच नाही.

तमालपत्र
इकडे ऑलिंपियाडच्या कार्डांवरही पर्सेंटाइल लिहून येतं. सोसायटीच्या ग्रुपवर टाकणाऱ्यांनी हा प्रतिसाद वाचावा.

मांजलपूर एक्सप्रेस
बघा, म्हणजे अमेरिकेतही शेवटी आकडाच लागतो.

अटलांटिकपार
लागतो, पण वर्गातल्या पोरांची उतरंड लावायला नाही. आमच्या शाळेत तो आकडा वर्गशिक्षिका पालकांशी एकट्याने बोलताना काढते. मुलाला सांगतही नाही. आणि त्या चाचणीवर कुणाला वर्गात मागे ठेवत नाहीत.

कलमबहाद्दर
मागे ठेवण्यावरून : आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करायची मुभा राज्यांना मिळाली आहे, दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी देऊन. दुसरी-तिसरीवाल्यांनी आत्तापासून घाबरू नये.

खडू_फळा
एक्सप्रेसभाऊ, आकड्याला माझा विरोध नाही. मिनिटाला शब्द मोजा असं मीच सांगितलं ना वर? आकडा कशाचा आहे आणि तो पाहून उद्या सकाळी बाई काय वेगळं करणार, एवढंच विचारायचं. तुमच्या ट्युशनच्या मॅडम वीसपैकी तेरा पाठवतात. राहिलेले सात कुठे गेले, ते पाठवतात का?

मांजलपूर एक्सप्रेस
नाही पाठवत. विचारतो.

कारेलीबागकर
ओपन हाऊसला जाऊन आलो. वही मागितली तेव्हा वर्गशिक्षिका जरा चपापल्या, मग कपाटातून एक फाइल काढली. मुलीची सत्रभराची कामं त्यात होती, तारखा घालून! आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की अशी फाइल असते. वजाबाकी ठीक आहे. गुजराती श्रुतलेखनात जोडाक्षरं सगळी सुटी लिहिते, हे फाइलमध्ये स्पष्ट दिसलं, कार्डावर त्याचा मागमूस नाही. बाई म्हणाल्या, वर्गात बेचाळीस मुलं आहेत, कार्डावर रकान्यांपुरतीच जागा आहे.

बीबद्दल फत्तेगंजकरांचा अंदाज अचूक. दोन चित्रं चिकटवायची राहिली होती. व्हॅल्यू एज्युकेशनचं पुस्तकही पाहिलं, मैत्री, प्रामाणिकपणा, झाडं लावा असंच आहे. सिस्टरना विचारलं की हा विषय ग्रेडशिवाय का नाही ठेवत? त्या म्हणाल्या, ग्रेड काढली तर पालक त्या तासाला दुसरा अभ्यास घ्या म्हणतात. यावर मला काही बोलता आलं नाही.

फत्तेगंजकर
सिस्टरांचं खरं आहे. आमच्या पवित्र शास्त्रात पौलाने लिहिलेल्या गलतीकरांस पत्रात आत्म्याचं फळ सांगितलंय : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नशीब पौलाच्या काळी रकाने नव्हते, नाहीतर कुणाला तरी 'सौम्यता : सी' आलं असतं.

तमालपत्र
आमच्या घरी आलं असतं. मलाच.

वाघोडिया रोड
उशिरा आलो. मुलगा पुढच्या वर्षी पहिलीत जायचा, याच प्रकारच्या दोन शाळा मनात आहेत. मे महिन्यात जन्म. वयात बसतो ना? आणि शाळा निवडताना काय बघायचं?

खडू_फळा
गुजरातेत २०२३-२४ पासून १ जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत. पुढच्या मे महिन्यात सहावा वाढदिवस होत असेल तर बसतो. नुकताच बसतो, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात लहानांपैकी असेल, हे पहिल्या वर्षी बाईंच्या कानावर घाला.

बाकी इमारत आणि स्विमिंग पूल तुम्ही बघालच. ऑफिसात एक कोरं प्रगतिपुस्तक मागा आणि दुसरीच्या एखाद्या वर्गात मुलं किती ते विचारा. दुसरीपर्यंत गृहपाठ देतात का, तेही विचारा. दप्तराचं ओझं कमी करायच्या केंद्राच्या २०२० च्या धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं स्पष्ट आहे, तरी देणाऱ्या शाळा आहेत. आणि मुलांच्या कामाची फाइल असते का ते विचारायला विसरू नका, 'हो' म्हणाले तर दाखवायला सांगा.

वाघोडिया रोड
धन्यवाद बाई. सोमवारी जातो.